बटाट्याच्या पिठातल्या कांद्याच्या रिंगा: पीठ कधी चिकट, कधी पाण्यासारखं, असं का होतं?

कढईकाठ

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला सीलिएकचं, म्हणजे ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) न सोसणाऱ्या आतड्याच्या आजाराचं, निदान झालं आहे. गहू आणि गव्हापासून केलेलं काहीही त्याला चालत नाही. कांद्याच्या तळलेल्या रिंगा त्याचा जीव की प्राण, म्हणून तो राहायला आला तेव्हा मैदा टाळून बटाट्याच्या पिठात करायच्या ठरवल्या. घरातल्या जुन्या वहीत कृती आहे, ती अशी: 'बटाट्याचं पीठ एक वाटी, मीठ, पाणी लागेल तसं, कांद्याच्या चकत्या बुडवून तळाव्या.' बाकी काही नाही.

पहिल्या वेळी वाटीभर पिठात वाटीभर पाणी घातलं तर त्याचा गोळाच झाला. आणखी वाटीभर घातलं तरी सैल होईना. फेटत गेले तशी चमच्याला तार सुटायला लागली. तळल्यावर रिंगा बाहेरून भराभर तपकिरी झाल्या, आत मात्र लिबलिबीत, दाताला चिकटणाऱ्या.

दुसऱ्या वेळी नवीन पाकीट आणलं. त्यावरही बटाट्याचं पीठ असंच छापलेलं. या खेपेला तितकंच पाणी घातलं तर दुधासारखं पातळ झालं, दोन मिनिटांत सगळं भांड्याच्या तळाशी घट्ट बसलं आणि रिंगा जवळपास उघड्याच तळल्या गेल्या. जे काही चिकटलं होतं ते पांढरं फटक राहिलं.

नाव एक, माप एक, मग दोन्ही वेळा इतकं उलट कसं? कुणी सांगेल का? भावाने दोन्ही वेळा निमूटपणे खाल्लं, तेच मला जास्त लागलं.

निवांत

तेल पुरेसं तापलं नसणार. तेल कमी तापलं की आवरण तेल पितं आणि मऊ राहतं.

कढईकाठ

तेलाचा थर्मामीटर आहे माझ्याकडे. दोन्ही वेळा १८० अंशांवरच सुरुवात केली होती.

प्रयोगवही

कढईकाठ, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. तुम्ही दोन वेगळे पदार्थ वापरलेत आणि दोन्ही एकाच नावाने विकले जातात. पहिलं खरोखरचं बटाट्याचं पीठ होतं, दुसरं बटाट्याचा स्टार्च.

पीठ करताना अख्खा बटाटा वापरतात. सोलून शिजवतात, वाळवतात आणि दळतात. म्हणजे त्यात स्टार्चबरोबर बटाट्यातले तंतू, थोडी प्रथिनं, थोडी साखर, चव, वास सगळं येतं. रंग पिवळसर असतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यातला स्टार्च आधीच शिजलेला असतो. शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. ते वाळवून दळले तरी पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत, त्यामुळे गार पाणी मिळताच ते ओढून घेतात आणि त्याची खळ होते. तुमची तार तिथूनच आली. जितकं फेटाल तितकं ते आणखी चिकट होत जातं.

स्टार्चची गोष्ट वेगळी. तिथे कच्चा बटाटा किसून धुतात, त्या पाण्याचा साका खाली बसू देतात, वरचं पाणी ओतून टाकतात आणि साका वाळवतात. कण अख्खे आणि कच्चे राहतात. गार पाण्यात ते विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि ढवळणं थांबवलं की तळाशी बसतात. बटाट्याच्या स्टार्चचे कण नेहमीच्या वापरातल्या इतर स्टार्चपेक्षा मोठे असतात, काही तर ०.१ मिलिमीटरपर्यंत. म्हणून ते लवकर बसतात. साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंत पाणी तापलं की मगच ते फुगायला लागतात.

ओळखायचं कसं? चिमूट बोटांत धरून चोळा. स्टार्च पायाखालच्या भुसभुशीत बर्फासारखा करकरतो, पीठ करकरत नाही. वास घ्या: पिठाला उकडलेल्या बटाट्याचा वास येतो, स्टार्चला जवळपास काहीच नाही. तरीही शंका राहिली तर चमचाभर घेऊन त्यात चार चमचे गार पाणी घाला आणि पाच मिनिटं हात लावू नका. लापशी झाली तर पीठ, वर पाणी आणि खाली थर दिसला तर स्टार्च.

कढईकाठ

आत्ता दोन्ही पाकिटं काढून करून बघितलं. अगदी तुम्ही म्हणालात तसंच! दुसरं पाकीट इतकं करकरलं की अंगावर शहारा आला. म्हणजे वहीतली कृती नक्की कशाची होती?

चाळणी

वहीत बहुतेक साकाच असेल. घरी बटाटे किसून साका काढायचे आणि त्यालाही पीठच म्हणायचे. पण मग पाण्यासारखं पातळ झालेलं पीठ कांद्याला चिकटवायचे कसे, हा प्रश्न राहतोच.

प्रयोगवही

तोच कळीचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या दोन्ही पाकिटांत मिळून आहे.

मैद्याच्या घोळात दोन कामं होतात. मैद्यातला स्टार्च तळल्यावर कडक होतो आणि ग्लुटेन तो सगळा एकत्र धरून कांद्यावर चिकटवून ठेवतं. गहू काढला की धरून ठेवणारं कुणी उरत नाही. नुसता स्टार्च घसरून जातो. नुसतं बटाट्याचं पीठ धरून ठेवतं, पण इतकं पाणी धरतं की तळण संपेपर्यंत ते बाहेर पडतच नाही आणि आवरण आतून चिकट राहतं. म्हणून कुरकुरीतपणासाठी स्टार्च आणि तो धरून ठेवायला थोडंसं पीठ असं घ्यायचं. खळ म्हणून पीठ वापरायचं, पीठ म्हणून नाही.

माझ्या वहीत सहा भाग स्टार्चला एक भाग पीठ असं प्रमाण बऱ्याच घाण्यांनंतर पक्कं झालं. दोन मोठ्या कांद्यांसाठी १२० ग्रॅम स्टार्च आणि २० ग्रॅम पीठ घेते. पाणी आधी १६० मिली, मग लागेल तसं २०० पर्यंत. अर्धा चमचा बेकिंग पावडर, तीही पाकिटावरचे घटक वाचून, कारण काही बेकिंग पावडरींत गव्हाचा स्टार्च असतो आणि तुमच्या भावाला तो नको. मीठ पाव चमचा, बाकीचं तळून झाल्यावर वरून.

रंगाचंही कोडं यातच सुटतं. स्टार्चमध्ये साखर आणि प्रथिनं जवळपास नसतात, त्यामुळे तो तळून पूर्ण कडक झाला तरी पांढराच दिसतो. लोक सोनेरी रंगाची वाट बघत राहतात आणि आतला कांदा पार गळून जातो. पिठात दोन्ही असतात, म्हणून ते एकटं वापरलं तर आत शिजण्याआधी बाहेरून काळपटतं. सहास एक केलं की छान फिकट सोनेरी रंग येतो आणि तो येईपर्यंत आवरणही वाळलेलं असतं.

थंडगार

एक आक्षेप नोंदवते. तळणाचा घोळ मुरवत ठेवायचा नाही, जेमतेम कालवायचा आणि लगेच वापरायचा, हे मी वर्षानुवर्षं पाळत आले आहे. पाणीही बर्फाचं. तुम्ही खळ म्हणताय म्हणजे ती मुरायला वेळ द्यावा लागेल. मग हलकेपणा कसा येणार?

प्रयोगवही

थंडगार, तुमचा नियम मैद्यासाठी शंभर टक्के बरोबर आहे. जास्त कालवलं, ठेवून दिलं किंवा पाणी कोमट असलं की ग्लुटेन तयार होतं आणि आवरण वातड होतं. बटाट्यात ग्लुटेनच नाही, त्यामुळे ती भीती इथे नाही. उलट पिठाच्या प्रत्येक कणापर्यंत पाणी पोचलं नाही तर गुठळ्या राहतात, आणि गुठळी तेलात गेली की ओल अचानक उसळते आणि तेल उडतं.

म्हणून मी दोन टप्प्यांत करते. आधी फक्त २० ग्रॅम पीठ १०० मिली साध्या पाण्यात कालवून १५ मिनिटं ठेवते. पीठ पाण्यात एकदम टाकायचं नाही. त्यात आधी दोन-तीन चमचे स्टार्च कोरडाच मिसळायचा, मग ते पाण्यावर भुरभुरवत हलवत राहायचं. स्टार्चचे कण मध्ये आल्यामुळे पिठाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. कडेला तेल तापायला ठेवलं की मग उरलेला स्टार्च, बेकिंग पावडर आणि फ्रीजमधून काढलेलं सोडावॉटर घालायचं आणि हलक्या हाताने एकत्र करायचं. बुडबुडे शेवटी येतात, त्यामुळे ते टिकतात. तुमचा गार पाण्याचा आग्रह इथे कामी येतो, कारण गार पाण्यात वायू जास्त वेळ विरघळून राहतो.

थंडगार

पटलं. मी ग्लुटेनचा नियम सगळ्याच पिठांना लावत होते. उद्या तुमच्या पद्धतीने करून बघते.

अर्धाकांदा

सगळे पिठावर बोलताय, कांद्यावर कुणीच नाही! रिंग चावली की अख्खा कांदा सुळकन बाहेर येतो आणि हातात पोकळ आवरण राहतं, हे कुणाकुणाचं होतं?

त्याचं कारण कांद्याच्या प्रत्येक पाकळीच्या आतल्या बाजूला असलेला पारदर्शक पापुद्रा. तो बुळबुळीत असतो, त्यावर काहीही चिकटत नाही, शिवाय चिवट असल्यामुळे दाताने तुटत नाही. चकत्या कापल्या, रिंगा सुट्या केल्या की आतल्या कडेला नखाने धरून तो पापुद्रा ओढून काढायचा. पहिल्या दोन-तीन रिंगांना वेळ लागतो, मग हात बसतो. काम किचकट आहे पण रिंगेत याच्याइतका फरक कशानेच पडत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

पापुद्रा निघत नसेल तर रिंगा एका थरात पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी बाहेर काढून वितळू द्या. पेशी फुटल्यामुळे कांदा मऊ पडतो, पापुद्रा आपोआप सुटतो आणि तळताना कांदा लवकर शिजतो. पाणी मात्र भरपूर सुटतं, ते नीट टिपून घ्यायला हवं.

जाडी १ सेंटिमीटर धरा. याहून पातळ रिंग तेलात मुरडते आणि नुसतं पीठ खाल्ल्यासारखं लागतं, जाड ठेवली तर आवरण झाल्यावरही कांदा करकरीत कच्चा राहतो.

चाळणी

पापुद्र्याबद्दल अनुमोदन. भर घालते: कांद्यात जवळजवळ ८९ टक्के पाणी असतं आणि त्याला मीठ लावलं की ते बाहेर यायला लागतं. म्हणून चकत्यांना आधीच मीठ चोळून ठेवू नका. घोळात बुडवण्याआधी रिंगा कोरड्या फडक्याने टिपा, मग सुक्या स्टार्चमध्ये घोळवा आणि जास्तीचा झटकून टाका. हा कोरडा थर कांद्याची ओल ओढून घेतो आणि घोळाला पकड देतो. यासाठी पीठ वापरू नका, ओल मिळताच ते जागच्या जागी चिकट होतं.

निवांत

मग तेलाचं काय? माझा पहिला प्रतिसाद अगदीच वाया गेला नसेल अशी आशा आहे.

तळणघर

निवांत, तेल तितकंच महत्त्वाचं आहे. मी खाण्याच्या ठिकाणी बरीच वर्षं तळणावर उभा होतो, तिथलं सांगतो.

तळताना जे बुडबुडे येतात ती आवरणातून बाहेर पडणारी वाफ असते. वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेल आत शिरू शकत नाही. तेल शिरतं ते मुख्यतः रिंग बाहेर काढल्यावर. आतली वाफ गार होऊन आटते, पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढल्यावरची पहिली काही सेकंदं सगळ्यात मोलाची. झारा कढईवरच धरून चांगला झटकायचा आणि रिंगा थेट जाळीवर ठेवायच्या. टिपकागदावर ढीग घातला की खालच्या रिंगा स्वतःच्याच वाफेत मऊ पडतात.

तापमान १७५ ते १८०. बटाट्याच्या स्टार्चच्या आवरणाला साधारण तीन मिनिटं लागतात, मध्ये एकदा उलटायचं. एक लिटर तेलात एका वेळी पाच-सहा रिंगा, त्याहून जास्त नाही. कांद्यातल्या पाण्याची वाफ व्हायला फार उष्णता लागते, गर्दी केली की तेल बघता बघता १५० वर येतं. पुढचा घाणा घालण्याआधी तेल परत तापू द्या. थर्मामीटर नसेल तर घोळाचा थेंब टाकून बघा. थेंब थोडा खाली जाऊन लगेच वर आला तर तेल बरोबर. तळाशीच बसून राहिला तर गार, बुडलाच नाही आणि लगेच रंगला तर जास्त तापलंय.

तळण कधी झालं हे रंगावरून नव्हे, आवाजावरून ओळखा. सुरुवातीला तडतड जोरात असते, बुडबुडे मोठे. आवरणातलं पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो आणि बुडबुडे लहान होतात. तोच क्षण. फिकट रंगाच्या आवरणासाठी यासारखी खूण नाही.

चाळणी

माझी एक कळकळीची विनंती: कढई अर्ध्याहून जास्त भरू नका आणि मोठं झाकण हाताशी ठेवा. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करायचा आणि झाकण घालायचं. पाणी कधीही ओतायचं नाही, त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल सगळीकडे उडतं. बर्फाच्या पाण्यात भिजवलेले कांदे न टिपता तेलात टाकणंही तितकंच वाईट.

घरचंदळण

बटाट्याचं पीठ घरी करता येतं का? सीलिएक असेल तर दळताना गहू मिसळला जाण्याची भीती घरच्या पिठात नाही.

प्रयोगवही

येतं, फक्त मिक्सरचं भांडं गहू कधीही न दळलेलं हवं. बटाटे सोलून पातळ काप करा, उकळत्या पाण्यात पूर्ण शिजवा पण विरघळू देऊ नका. निथळून एका थरात पसरा आणि ओव्हनमध्ये किंवा ड्रायरमध्ये साधारण ६० अंशांवर, काप कट्कन तुटेपर्यंत वाळवा. वाकला म्हणजे अजून ओल आहे. मग दळून बारीक चाळणीने चाळा. कच्चेच काप वाळवले तर हवेने ते काळे पडतात. शिजवल्यावर ते काळे करणारं विकर (एन्झाइम) निकामी होतं. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं, त्यामुळे सोललेल्या किलोभर बटाट्यांचं हाती येणारं पीठ २०० ग्रॅमच्या आतबाहेर. इथे घाण्याला २० ग्रॅमच लागतं, तेव्हा ते बरंच पुरतं.

घाई असेल तर मॅश बटाट्याचे तयार सुके फ्लेक्स मिळतात, त्यात दूध किंवा मसाला नाही ना ते बघून मिक्सरमध्ये फिरवा. ते शिजवून वाळवलेलेच असतात, काम तेच करतात.

एक मात्र पाळा. पिठासाठी फ्रीजमध्ये ठेवलेले बटाटे घेऊ नका. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि अशा बटाट्यांचं पीठ तेलात फार लवकर गडद होतं. प्रश्न रंगापुरता नाही. बटाट्यातलं अ‍ॅस्पॅरजिन हे अमिनो आम्ल आणि साखर १२० अंशांपुढे एकत्र आली की अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं. तळलेल्या आणि भाजलेल्या स्टार्चयुक्त पदार्थांत ते सापडल्याचं २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी जाहीर केलं. रंग जितका गडद तितकं ते साधारणपणे जास्त. म्हणून या रिंगा फिकट सोनेरी असतानाच काढायच्या, तपकिरी होऊ द्यायच्या नाहीत.

थंडगार

केल्या! पापुद्रे काढायला पंचवीस मिनिटं गेली. रिंगा मैद्याच्या रिंगांसारख्या फुगीर झाल्या नाहीत, आवरण पातळ आणि काचेसारखं कडक झालं, चावल्यावर तुकडे पडतात. मला फुगीर आवडतात, पण हेही फार सुरेख आहे. वीस मिनिटांनीही कडक होत्या, मैद्याच्या माझ्याकडे कधीच इतक्या टिकल्या नाहीत. एका अंड्याचा पांढरा भाग घालून दुसरा घाणा केला, तो थोडा जाडसर आणि खुसखुशीत झाला. ज्यांना अंडं चालतं त्यांनी बघावं.

निवांत

एअर फ्रायरमध्ये होतील का?

तळणघर

पातळ घोळाच्या नाही होणार. घोळ सेट व्हायला तेलासारखी चहूबाजूंनी एकदम उष्णता लागते. गरम हवेत तो आधी जाळीतून खाली ठिबकतो. तळलेल्या रिंगा परत गरम करायला मात्र एअर फ्रायर उत्तम. २०० अंशांवर चार-पाच मिनिटं. फ्रीजमध्ये ठेवलेल्या मऊ रिंगाही पुन्हा कडक होतात.

कढईकाठ

काल तिसऱ्यांदा केल्या. सगळं लिहूनच काढते, कुणाला उपयोग होईल.

पीठ २०, स्टार्च १२०, पाणी एकूण १८० मिली लागलं, त्यातलं ८० सोडावॉटर. पहिली रिंग घातली तेव्हा घोळ जरा दाट होता, आवरण टोकाला जाड झालं आणि तिथे मऊ राहिलं. दोन चमचे सोडावॉटर आणखी घातलं. रिंग उचलल्यावर घोळाची सलग धार पडून मग थेंब थेंब गळू लागला, तेव्हा तो बरोबर झाला. दर दोन घाण्यांनी घोळ तळापासून ढवळावा लागला, नाहीतर स्टार्च थोडा बसतोच. नवीन तेल आणि वेगळी कढई वापरली, कारण आधीच्या तेलात मैद्याचं तळण झालं होतं.

तळणघर यांनी सांगितलेली आवाजाची खूण तिसऱ्या घाण्याला कानाला कळली. तोवर मी रंग बघून बाहेर काढत होते आणि दोन रिंगा आत ओलसर राहिल्या होत्या. त्यानंतर एकही बिघडली नाही.

भाऊ जाळीजवळच उभा राहून खात होता. बावीस रिंगा झाल्या, ताटापर्यंत सात पोचल्या.

दोन्ही पाकिटं बरण्यांत ओतून ठेवली आहेत. एकीवर 'पीठ, शिजलेलं' आणि दुसरीवर 'स्टार्च, कच्चा' अशा चिठ्ठ्या लावल्या, आणि जुन्या वहीत त्या कृतीच्या समासात प्रमाण लिहून ठेवलं.